चिनी संगीतावर अद्भुतकथा लिहिताना: आधी ऐकणारा, मग ड्रॅगन

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथांची पहिली चाळणी लावायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. चिनी मालिकांची गोडी वाढल्यापासून त्या ढिगात एक कथा हमखास असते. धुकं, कडा, पांढऱ्या झग्यातली नायिका, मांडीवर सात तारांचं वाद्य. ती तार छेडते आणि खाली दरीत दहा हजारांचं सैन्य कोसळतं. नंतर ड्रॅगन येतो.

हीच कथा मीही लिहिली होती. ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीनं एकच ओळ होती: "दरीत ऐकू कसं गेलं?" मी चिडलो. मग ते वाद्य पहिल्यांदा नीट ऐकलं आणि गप्प बसलो. शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली की त्याचा स्वर बुडतो.

बहुतेकांची चूक क्रमात असते. आधी नावं सुचतात, मग ड्रॅगन, मग शेवटचं युद्ध, आणि वाद्य सगळ्यात शेवटी हातात दिलं जातं. खालचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. अडीच-तीन हजार शब्दांच्या कथेसाठी तो पुरतो. सोबत एक नमुना कथा पायरीपायरीनं उभी करत नेली आहे.

तयारी: लिहिण्याआधीचे चार दिवस

पहिले दोन दिवस फक्त ऐका. कूछिन म्हणजे तेच सात तारांचं वाद्य; त्यावरची 'ल्यू श्वेई', म्हणजे 'वाहतं पाणी', ही रचना घ्या. क्वान फिंग-हू यांनी वाजवलेली ती १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, म्हणून सहज सापडते. साडेसात मिनिटांच्या आसपास आहे. मग तीच रचना आणखी दोन वादकांची ऐका. लांबी वेगळी भरेल, विराम वेगळे पडतील. का, ते तिसऱ्या पायरीत येईल. तोवर वहीत एवढंच लिहा: कुठे थांबले, किती थांबले.

तिसऱ्या दिवशी फोन शेजारच्या खोलीत ठेवून, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजाहून कमी आवाजात तीच रचना लावा आणि आपण स्वयंपाकघरात बसा. जे ऐकू येईल तेवढंच तुमच्या पात्रालाही येणार आहे.

चौथा दिवस हातांसाठी. वादकाच्या बोटांची चित्रफीत आवाज बंद करून बघा. करंगळी कुठल्याच हाताची लागत नाही, हे दिसेल. डाव्या अंगठ्याच्या नखाची कड तारेवर सरकते, हेही दिसेल. या दोन गोष्टी पुढे दहा विशेषणांचं काम करतात.

*तपासा:* वहीत "मधुर", "स्वर्गीय", "गूढ" यांतला एकही शब्द असेल तर तुम्ही ऐकलं नाही, आठवलंत. परत ऐका.

पायरी १: एकच वाद्य घ्या

एका कथेत एक वाद्य. ते निवडताना दिसतं कसं हे बघू नका, त्याची अडचण कोणती ते बघा, कारण कथानक अडचणीतून निघतं.

अरहूला दोन तारा आणि गज त्या दोन तारांच्या मधून गेलेला; वाद्य आणि गज सहजी वेगळे करता येत नाहीत. ताटातूट न होऊ शकणाऱ्या दोघांची कथा त्यात आयती बसली आहे. फक्त अरहूचं आजचं रूप बरंच अलीकडचं, तेव्हा थांग राजवटीच्या (सातवं ते दहावं शतक) दरबारात ती ठेवू नका. ती-त्स ही आडवी बासरी. तिच्या एका भोकावर बोरूच्या आतला पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो आणि त्यामुळे स्वराला झणझण येते. पापुद्रा फाटला किंवा सैल पडला की आवाज जातो. १९७८ साली हूपेईमध्ये एका सरदाराच्या थडग्यात ६५ काशाच्या घंटांचा संच सापडला. थडगं इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमाराचं. त्यातल्या घंटा मधोमध ठोकल्या तर एक स्वर देतात, बाजूला ठोकल्या तर दुसरा. एकाच तोंडानं दोन गोष्टी सांगणारा साक्षीदार हवा असेल तर दुसरीकडे शोधायला नको.

आणि दहा हजारांच्या सैन्याला ऐकू जायलाच हवं असेल, तर स्वोना घ्या. ती आपल्या सनईच्या कुळातली. उघड्यावर वाजते, लांबवर जाते आणि लग्नातही असते, अंत्ययात्रेतही. लांबून नुसती स्वोना ऐकू आली तर वरात की प्रेत, हे कळेपर्यंत जो वेळ जातो तो एका चांगल्या कथेचा आरंभ आहे. कोणी लिहिली तर मला वाचायची आहे.

नमुना कथेसाठी मी कूछिन घेतो. सात तारा, पडदे नाहीत, कडेला तेरा ठिपके. त्यांना ह्वेई म्हणतात आणि बोट कुठे ठेवायचं ते त्यांवरून कळतं. वरची फळी हलक्या थोंग लाकडाची, त्यावर हरणाच्या शिंगाची पूड मिसळलेला झाडाच्या लाखेसारख्या चिकाचा थर. तारा जुन्या काळी रेशमाच्या.

*सावधान:* कूछिन आणि कूचंग एक नव्हेत. कूचंगला प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असते, आज साधारण २१ तारा असतात आणि आवाज खणखणीत असतो. मुखपृष्ठांवरही हा घोळ होतो. चित्रकाराला फोटो पाठवा.

पायरी २: काळ आणि गाव नक्की करा

"प्राचीन चीनमध्ये" असं लिहिलंत की वाचक डुलकी काढतो. काल्पनिक राज्य असलं तरी त्याच्या मागे एक खरा काळ आणि एक खरं गाव धरा.

माझं गाव छांगशू, यांगत्सेच्या मुखाजवळच्या सखल, पाणथळ मुलखातलं. काळ मिंग राजवटीची अखेर, इसवी सन १६०० च्या आसपास. या गावाचं दुसरं नाव छिन-छ्वान, म्हणजे छिनची (कूछिनची) नदी. गावातून जाणारे सात समांतर ओढे वाद्याच्या सात तारांसारखे दिसायचे म्हणून. हे वाचलं त्या क्षणी माझं अर्धं काम झालं. अशी जागा सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

काळ ठरला की घरात काय आहे, काय नाही, याची यादी करा. १६०० च्या छांगशूत खुर्च्या-टेबलं आहेत, म्हणून वाद्य टेबलावर. थांग काळ घेतला असता तर माणसं चटईवर नाहीतर बुटक्या चौथऱ्यावर बसली असती. चहा पानं पाण्यात टाकून होतो. थांग काळात कुटलेला चहा मीठ घालून उकळत. मिरची अमेरिकेतून नुकती कुठे किनाऱ्याला लागलेली, जेवणात अजून नाही. तुमच्या थांग सरदारानं झणझणीत रस्सा भुरकला की जाणकार वाचक तिथेच पान मिटतो.

वेळ लिहिताना आपली भाषा दगा देते. चिनी रात्रीचे भाग पाच, प्रत्येक सुमारे दोन तासांचा. त्याला कंग म्हणतात. आपल्याकडे रात्रीचे प्रहर चार, प्रत्येक तीन तासांचा. म्हणून "तिसरा प्रहर" लिहिलंत तर बारा ते तीन होतात आणि तिसरा कंग मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे एकेक तासाचा. सरळ "मध्यरात्रीचा डंका पडला" लिहा आणि मोकळे व्हा.

*तपासा:* किमोनो, सामुराई, साकुरा, निंजा. चारही जपानी. खोडा.

पायरी ३: जादूचा नियम वाद्यातूनच काढा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त कथा इथेच बिघडतात. "तिच्या संगीतात शक्ती होती" हा नियम झाला नाही. नियम म्हणजे काय करता येतं, काय येत नाही, आणि किंमत काय.

कूछिनच्या लिखित स्वरलिपीत एक भोक आहे. कुठली तार, कुठल्या हाताचं कुठलं बोट, कुठल्या ठिपक्यापाशी, आत ओढायची की बाहेर ढकलायची, हे सगळं आक्रसलेल्या चिन्हांत लिहिलेलं असतं. किती वेळ थांबायचं, ते मात्र नसतं. जुनी रचना वाजवायची तर वादकाला तो काळ स्वतः शोधून भरावा लागतो, आणि त्यात महिने जातात. या कामाला ता-फू म्हणतात. तीन वादकांची 'ल्यू श्वेई' वेगवेगळी का भरली, ते आता कळलं असेल.

दुसरी गोष्ट तारांची. आख्यायिका सांगते की मुळात पाचच तारा होत्या. सहावी चौ घराण्याच्या वन राजानं मेलेल्या मुलाच्या शोकात चढवली आणि सातवी त्याच्या दुसऱ्या मुलानं, वू राजानं. म्हणजे सहावी तार शोकाची.

आता दोन्ही जोडा. छांगशूचे सात ओढे म्हणजे सात तारा. सहावा ओढा आटला आहे आणि तेव्हापासून गावातल्या कुठल्याच वाद्यावर सहावी तार सुरात राहत नाही. ओढा परत वाहता करणारी रचना कागदावर आहे. बोटं आहेत, काळ नाही. नियम असा: विराम चुकला की ओढ्याचं पाणी आणखी एक वीत खाली जातं. झाला नियम. यात ड्रॅगन कुठेच लागला नाही. लागलाच तर तो पाण्याचा आणि पावसाचा धनी म्हणून येईल, आग ओकत नाही.

स्वरांना तत्त्वं जोडायची असतील तर परंपरेत तशी सोय आहे: कुंग पृथ्वी, शांग धातू, च्वे लाकूड, चर अग्नी, यू पाणी. हे पाच स्वर म्हणजे आपल्या भूपाचे सा रे ग प ध. षड्ज शांगवर नेला की मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात, च्वेवर मालकंसाचे, चरवर दुर्गाचे, यूवर धानीचे. पेटीवर काळ्या पट्ट्या वाजवून बघा. कान तयार करायला हे फार उपयोगी, पण ते वहीतच ठेवा. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, आणि छांगशूतल्या मुलीनं मालकंस आळवला की कथेचं लग्न भलत्याच मांडवात लागतं.

*तपासा:* वाद्य काढून हातात तलवार दिली तरी कथा तशीच चालते का? चालत असेल तर नियम वाद्यातून आलेला नाही. पायरी १ वर परत जा.

पायरी ४: ऐकणारा कोण, ते ठरवा

मराठीत येणाऱ्या जवळपास सगळ्या कथांत नायक वाजवणारा असतो. चिनी गोष्टींत बघा, भार कोणावर आहे.

पो-या कूछिन वाजवत असे, पण त्याच्या मनातला डोंगर आणि नदी ओळखणारा एकच मित्र होता. तो मेल्यावर पो-यानं तारा तोडल्या. मित्राला 'स्वर जाणणारा' म्हणण्याचा प्रघात तिथूनच पडला. छाय युंग (१३२–१९२) हा विद्वान जेवायला गेला आणि दारातूनच परतला, कारण आतून येणाऱ्या छिनमध्ये त्याला जीव घेण्याचा विचार ऐकू आला. वादकानं नंतर उलगडा केला: वाजवताना समोर एक खंडोबाचा किडा किरकिरणाऱ्या सिकाडा किड्यावर झेप घ्यायच्या बेतात होता, आणि त्याची झेप चुकेल की काय अशी आपल्याला धाकधूक होती. आणि हान फेई या प्राचीन चिनी तत्त्वज्ञानं सांगितलेली श-ख्वांग या आंधळ्या वादकाची गोष्ट. चिन राज्याच्या फिंग सरदारानं अधिकाधिक करुण स्वर मागितले. एका रचनेवर सोळा काळे करकोचे दक्षिणेकडून येऊन रांगेनं नाचले. त्याहून करुण हवं, म्हणाला. वादकानं बजावलं, हे ऐकण्याइतकं तुमचं पुण्य नाही. तरी हट्ट. मग वादळ, छपराची कौलं उडाली, सरदार आजारी पडला आणि राज्यात तीन वर्षं दुष्काळ.

तिन्ही ठिकाणी किंमत ऐकणाऱ्याच्या खात्यावर पडते किंवा ऐकणाऱ्यामुळे ठरते. तेव्हा कथेतला ऐकणारा आधी शोधा.

माझी वाजवणारी शन यून: रोगण चढवणाऱ्याची मुलगी, वाद्यं दुरुस्त करते, कच्च्या चिकानं मनगटावर पुरळ उठलेलं. ऐकणारा म्हातारा नावाडी लू. त्यानं आयुष्यात तारेला बोट लावलेलं नाही. पण मेलेल्या छ्येन गुरुजींच्या खिडकीखालून तो तीस वर्षं नाव वल्हवत गेला आणि वल्ह्याचा हात नकळत त्यांच्या विरामांवर पडत गेला. कागदात नसलेला काळ त्याच्या खांद्यात आहे. आणि सहावा ओढा आटल्यापासून त्यानं वल्हं हातात धरलेलं नाही, कारण त्याचा मुलगा त्याच ओढ्यात बुडाला.

*सावधान:* ऐकणाऱ्याला सर्वज्ञ साधू करू नका. त्याला आपण काय जाणतो हे माहीत नसणं, हाच तर पेच आहे.

पायरी ५: नावं आणि हाका

आडनाव आधी, नाव मागून. शन यूनमध्ये शन आडनाव. पन्नास पात्रांना पन्नास नावं नकोत. अडीच हजार शब्दांत तीन पुरे.

उच्चारासाठी इंग्रजी स्पेलिंगवर भरवसा ठेवू नका. त्या रोमन लिपीत बी, डी, जी म्हणजे आपले प, त, क. पी, टी, के म्हणजे फ, थ, ख. क्यू म्हणजे छ, एक्स म्हणजे श. इंग्रजीला हा भेद लिहिता येत नाही, देवनागरीला येतो. तरी आपण "गुक्विन" लिहितो. झेडसाठी चाकातला च आहेच. अपवादही करावे लागतात. पिपा या चार तारांच्या वाद्याचं नाव नियमानं फिफा होतं आणि मग वाचकाला फुटबॉल दिसतो. तिथे मुकाट्यानं पिपा लिहावं.

हाकांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. गुरुबंधू, गुरुभगिनी, गुरुजी हे शब्द जसेच्या तसे बसतात, फक्त थोरला की धाकटा हे तिथे प्रत्येक हाकेत येतं, ते विसरू नका. यून नावाड्याला "लू काका, अहो, जरा थांबा" म्हणेल. तो तिला "पोरी" म्हणेल. संवादात मधूनच चिनी शब्द पेरून मराठीत अर्थ सांगत बसू नका.

पायरी ६: प्रसंगांचा क्रम

पाच प्रसंग, प्रत्येकी एक ओळ:

१. यून दुरुस्तीला आलेल्या वाद्याच्या पोटात घडी घातलेला कागद शोधते.
२. ती विराम अंदाजानं भरून वाजवते. सकाळी ओढ्याच्या डबक्यातलं पाणी एक वीत उतरलेलं.
३. भिंतीपलीकडे बसलेला लू झोपेत चुकीच्या जागी कण्हतो. तिला वाटतं, आजारी आहे.
४. तिच्या लक्षात येतं की तो तिच्या चुकीवर कण्हतो.
५. ती त्याला वल्हं धरायला सांगते.

पाचव्यात तो नाही म्हणू शकतो, हे कथेला माहीत असलं पाहिजे. ओढा वाहायला लागला तर मुलाला गिळणारं पाणी परत येणार. ही किंमत, आणि ती ऐकणाऱ्याची.

*तपासा:* दुसरा प्रसंग गाळला तर चालतं का? चालत असेल तर नियम वाचकाला दिसलेलाच नाही. नियम मोडल्याचं फळ कथेच्या पहिल्या निम्म्यात एकदा तरी डोळ्यांनी दिसावं.

पायरी ७: आवाज लिहिणं

पहिल्या खर्ड्यात माझं वाक्य असं होतं:

"तिच्या नाजूक बोटांतून स्वर्गीय सूर पाझरू लागले आणि आसमंत मंत्रमुग्ध झाला."

यात काय ऐकू आलं? काहीच नाही. चौथ्यांदा लिहिलं ते असं:

"यूननं सहावी तार ओढली. स्वर लगेच विरला, पण अंगठा थांबला नाही. तो दहाव्या ठिपक्याकडून नवव्याकडे सरकत राहिला, आणि आता रेशमावर नख घासल्याचा तेवढा आवाज उरला, कोरड्या पानावरून गोगलगाय जावी तसा. भिंतीपलीकडे लूची खाट करकरली."

कूछिनमध्ये हे खरोखर होतं: स्वर संपतो, हात चालू राहतो आणि उरलेलं ऐकणाऱ्यानं मनात पुरं करायचं असतं. आवाज लिहायचा तर क्रम असा ठेवा: हातानं काय केलं, मग काय ऐकू आलं, मग दुसऱ्या कोणाचं काय हललं. भावना लिहू नका. खाट करकरू द्या.

विराम लिहायला "क्षणभर शांतता पसरली" हे वाक्य एका कथेत एकदाच. बाकी वेळा विरामात ऐकू येणारं काहीतरी द्या: लाकडावर थेंब, शेजारणीचं खाकरणं, दूरवर डंका.

पायरी ८: शेवटची तपासणी

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसा. जिथे हात किंवा वस्तू दिसते तिथे हिरवा, जिथे आवाज ऐकू येतो तिथे निळा, जिथे कथा चीनची माहिती देते तिथे लाल. लाल सलग चार ओळींपेक्षा जास्त झाला की तिथे कात्री. वर मी सांगितलेल्यातलं निम्मं तुमच्या कथेत यायचंच नाही. सहावी तार शोकाची, एवढं एक वाक्य यावं. वन राजाची आख्यायिका वहीत राहू दे.

लगेच बघण्याजोग्या चुका: वाद्य टेबलावर की मांडीवर, हे मध्येच बदललं का? पहिली तार सगळ्यात जाड आणि वादकापासून सगळ्यात लांबची असते, सातवी बारीक आणि जवळची. उलटं झालं का? करंगळीनं तार छेडली का? छेडली असेल तर एक तर खोडा, नाहीतर तेच कथेतलं पाप करा.

शेवटी कथा मोठ्यानं वाचून दाखवा, चीनशी काही देणंघेणं नसलेल्या एखाद्या माणसाला. मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना वाचून दाखवतो. "आवडली का?" विचारू नका, लोक हो म्हणतात. "काय काय ऐकू आलं?" एवढंच विचारा. काकू नमुना कथेवर म्हणाल्या, "खाट. आणि शेवटी ते वल्हं पाण्यात गेलं ना?" वल्हं पाण्यात गेल्याचं मी कुठेच लिहिलं नव्हतं. शेवटच्या दोन ओळी, ज्यांत मी पाणी आल्याचं सांगत होतो, त्या त्याच रात्री काढल्या.